वैशाखातला टार्ट

भिवंडीजवळच्या दापोड्यात काय मिळत नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. मुंबईचा माणूस रात्री गादीवर लोळत मोबाइलवर जे काही मागवतो, त्यातलं बरंचसं माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, आमच्या गावाच्या आसपासच्या गोदामांत आधीच येऊन बसलेलं असतं. टीव्ही, टायर, डायपर, देव्हारे, कुत्र्याची बिस्किटं. एके काळी इथं भातशेती होती. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी तो जकात नाक्याच्या अलीकडेच उतरवायला सुरुवात केली आणि भाताच्या खाचरांत पत्र्याच्या शेडी उगवल्या. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली. शेडी मात्र गेल्या नाहीत, उलट उंच झाल्या. ज्याच्या आजोबांनी नांगर धरला, त्याच्याकडे आज गाला, म्हणजे गोदाम आहे, गाल्याला भाडेकरू आहे आणि भाडेकरूचं नाव इंग्रजीत आहे.

एवढं सगळं असलेल्या गावात वैशाखात एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे गारवा. आणि माझ्या भाचीनं अक्षय्य तृतीयेला जो पदार्थ करायचा घाट घातला, त्याला नेमका तोच लागतो.

दापोडे माझं माहेर. मे महिन्यात माहेरी यायचं ते आंबे खायला आणि आईच्या हातची तांदळाची भाकरी खायला. पण भाची बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, आणि मोकळ्या मुलीच्या हातात मोबाइल असला की घरातल्या मैद्याचं काही खरं नसतं. तिला एका विलायती बाईच्या व्हिडिओत फळांचा टार्ट दिसला. खाली मैदा आणि लोण्याचा खुसखुशीत थर, त्यावर दाट कस्टर्ड, वर रंगीत फळं आणि कडेनं मैद्याचीच पानं, फुलं, वेण्या, जाळ्या. आईनं चष्मा लावून तो व्हिडिओ पुरता पाहिला आणि निकाल दिला, "म्हंजी उघरी करंजी!"

या दोन शब्दांत सगळी पाककृती आली होती. पण आईचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करायची आमच्या घरात पद्धत नाही.

व्हिडिओतल्या बाईचं पहिलंच वाक्य होतं, लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाईच्या खिडकीबाहेर हिरवळ होती आणि तिनं उन्हाळा असूनही स्वेटर घातला होता. तिच्या खोलीचं तापमान वीस-बावीस असावं. आमच्या खोलीचं अडतीस, आणि स्लॅबऐवजी पत्रा असेल तर विचारूच नका. लोणी वितळतं बत्तीस ते पस्तीस अंशांच्या मध्ये. म्हणजे दापोड्यात खोलीच्या तापमानाचं लोणी पळीनं वाढता येतं. वहिनीनं ते पातेलं पाहिलं आणि काही न बोलता गॅसवर चढवलं. त्याचं तूप झालं, वरण-भातावर गेलं, कुणाची तक्रार आली नाही.

लोणी घट्टच हवं, यामागं शास्त्र आहे, आणि भाचीनं ते आम्हाला परीक्षेच्या उत्तरासारखं ऐकवलं. लोणी घट्ट असेल तर ते मैद्याच्या कणांना वेढून बसतं, मैदा पाण्याला भेटत नाही, त्याला चिवटपणा येत नाही आणि भाजल्यावर तो खुसखुशीत होतो. लोणी आधीच पातळ झालं तर सगळा लगदा होतो. म्हणून सगळं गार हवं. लोणी गार, पाणी गार, परात गार आणि मळणाऱ्याचे हातही गार.

गार हात शोधायची मोहीम घरात निघाली. वहिनीचे हात सकाळपासून चुलीशी. आईचे भाकऱ्या थापून तापलेले. माझे माहेरवाशिणीचे, म्हणजे काही न करता गरम झालेले. शेवटी गार हात सापडले ते दादाचे, कारण तो गाल्याच्या केबिनमध्ये एसी लावून बसतो. ज्या माणसानं आयुष्यात कधी कणकेला बोट लावलं नाही, त्याला परातीसमोर बसवण्यात आलं. बोटांच्या टोकांनी मैद्यात लोणी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. दादा चोळत होता, शेजारी फोन स्पीकरवर होता आणि तो त्यात ओरडत होता, "कंटेनर रिव्हर्स घे! अजून घे! बस, बस, बस!" त्या दोन कामांतलं कुठलं कुठल्या आवेशात चाललंय ते परातीला कळत नव्हतं, पण मैदा उत्तम उतरला. घरातल्या बायकांनी त्याचं कौतुक केलं नाही. एकदा कौतुक केलं की पुरुष ते काम पुन्हा करत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

प्रमाण सोपं होतं : मैदा तीन भाग, लोणी दोन, साखर एक, सगळं वजनानं. इथं अडलं. आमच्या घरात वाटी चालते. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०मध्ये आली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी सुना वाटी-चमच्याच्या हिशेबानं संसाराला लागल्या. ग्रॅम हे एकक फक्त सोनारासाठी. दादा म्हणाला, गाल्यात वजनकाटा आहे. दोघांनी धरून आणला. तो गोण्या मोजणारा काटा. त्यावर शंभर ग्रॅम साखर ठेवली तर त्यानं शून्य दाखवलं. आणखी शंभर ठेवली, तरी शून्य. भाची वर उभी राहिली, तेव्हा तो जागा झाला आणि त्यानं जो आकडा दाखवला त्यावर ती रुसली. मग किराणा दुकानदाराकडून मैदा आणि साखर तोलूनच आणली, जे आधीच सुचायला हरकत नव्हती.

टार्टचं कंगोरेदार भांडं, तळ सुटा होणारं, ऑनलाइन मागवलं होतं. त्याचा प्रवास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मोबाइलवर पहिला संदेश आला : तुमची वस्तू भिवंडीतून निघाली. दुसरा : ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात पोचली. तिसरा : ती भिवंडीकडे निघाली. आमच्या गच्चीवरून ज्या शेडीचा पत्रा दिसतो, तिथून निघालेलं भांडं अर्धा महाराष्ट्र पाहून परत येत होतं. आईला हे समजावून सांगणं कठीण गेलं. ती म्हणाली, "पोराला पाठव ना गो, शिरी चरून घेऊन येल." अखेर पार्सल घेऊन जो मुलगा आला तो गावातलाच निघाला. खोक्यावरची चिकटपट्टी पाहून म्हणाला, "वहिनी, हे माझ्या भावानंच पॅक केलंय. आधी सांगितलं असतं तर येता येता दिलं असतं." म्हणजे दिलं नसतं. व्यवस्थेला ते मान्य नसतं. व्यवस्थेत वस्तूला फिरून यावं लागतं.

मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, हे पुढचं वाक्य. लग्नसराईत आगरी घरातला फ्रिज उघडून पाहिलाय का कुणी? दारात पाण्याच्या बाटल्या, वरच्या फळीवर कैरीचं पन्हं, मधल्या फळीवर कुणाच्या तरी हळदीहून आलेलं मटण, खालच्या फळीवर खाडीतला जिताडा हळद-मीठ लावून आडवा. टार्टच्या गोळ्याला जागा होती ती जिताड्याच्या शेजारी. लोणी हा असा पदार्थ आहे की जो शेजाऱ्याचा वास मनापासून आपलासा करतो. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं आंब्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग त्याच आंब्याच्या पदार्थाला मासळीचा वास, हे आई चालवून घेणार नव्हती. गोळा दादाच्या केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये रवाना झाला. त्यात आधी फक्त थंड पेयं होती आणि एका पार्टीनं दिलेली दिवाळीची मिठाई. कुठल्या दिवाळीची, ते आम्ही पाहिलं नाही.

त्याच दिवशी सणामुळे अंडं वर्ज्य आहे, हे उघड झालं. मूळ कस्टर्डमध्ये अंड्यांचे बलक घालतात. भाची हिरमुसली. पण हा प्रश्न इंग्लंडमध्ये १८३७मध्येच सुटला होता. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषध-विक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, पण कस्टर्ड तर आवडे. त्यानं मक्याच्या पिठाचं बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून पुढं १८४३मध्ये बेकिंग पावडरचाही शोध लावला. एका बाईची पथ्यं सांभाळता सांभाळता नवऱ्यानं अख्ख्या जगाची सोय केली आणि दीडशेहून अधिक वर्षांनी दापोड्यातला सण निभावला. वहिनीनं ही गोष्ट दादाला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा त्याला फोन आला.

आता नक्षी. मुलं व्हिडिओ पाहतात तेव्हा त्यांना वाटतं, हे सगळं परदेशात शोधून काढलंय. भाची मैद्याची कड चिमटे घेऊन दुमडत होती आणि दुमडलेली उलगडत होती. आई बराच वेळ बघत राहिली. मग पदर खोचून पुढं सरकली, अंगठा आणि तर्जनीत कड धरली, दाबली, वळवली, पुढच्या भागावर टाकली. पुन्हा दाबली, वळवली, टाकली. पाहता पाहता सगळ्या कडेला मुरड पडली, एकसारखी, दोरखंडाच्या पिळाची. साठ वर्षं दिवाळीच्या करंज्यांवर घासलेलं बोट ते. व्हिडिओतल्या बाईला ते तीन वेळा थांबवून दाखवावं लागलं होतं. मग आईनं देवघराच्या कपाटातून पितळेचं कातण काढलं आणि मैद्याच्या पोळीवर फिरवलं. नागमोडी पट्ट्या तयार. ऑनलाइन त्याच चाकाला भलतंच नाव आणि भलतीच किंमत होती.

आईनं आणखी एक भर घातली, ती मात्र मोलाची. तिला त्या नुसत्या लोण्यावर भरवसा नव्हता. "साटा लाव," म्हणाली. फेसलेलं तूप आणि तांदळाची पिठी. साट्याच्या करंज्या आणि चिरोटे याच्यावरच तर चालतात : पोळीवर साटा, त्यावर पोळी, पुन्हा साटा, सगळ्याची गुंडाळी, मग काप आणि पुन्हा लाटणं. तळले की पदर सुटतात. बाजारच्या लोण्यात जवळपास पाचवा हिस्सा पाणी-मीठ असतं, तुपात पाणी जवळपास नसतंच. तांदळाला मैद्यासारखा चिवटपणा नाही आणि ती पिठी तुपाला धरून ठेवते. फ्रिज नसलेल्या, घामानं निथळणाऱ्या स्वयंपाकघरांनी उन्हाळ्याशी हुज्जत न घालता काढलेला हा तोडगा आहे. सजावटीची पानं साटा लावलेल्या मैद्याची केली आणि उकाड्यात ती जागची हलली नाहीत. विलायती पानं तोपर्यंत ताटाला चिकटून गतप्राण झाली होती.

जाळीचं काम केबिनमध्ये करावं लागलं, कारण एसी तिथंच. इथं एक विसंगती नोंदवून ठेवते. आमच्याकडे चॉकलेटच्या गोदामाला एसी असतो आणि त्या गोदामाला जमीन देणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पंखा. चॉकलेट वितळलं तर नुकसान भरून द्यावं लागतं; बायका वितळल्या तर त्याचा विमा नसतो.

केबिनमध्ये आवक-जावकीची वही सांभाळतात ते जॉबरमामा. पद्मानगरचे. वीस-पंचवीस वर्षं भिवंडीत लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे कारागीर होते. लूम भंगारात गेले तसे ते गोदामात आले. भाची पट्ट्या एकावर एक आडव्या-उभ्या ठेवत होती. मामांना ते पाहवेना. "बेटा, ही जाळी नाही, हा ढीग आहे," म्हणाले. वही मिटली, हात धुतले, आणि उभ्या पट्ट्या नीट ताणून मांडल्या. हा ताणा. मग एक सोडून एक पट्टी अर्ध्यातून मागं दुमडली, आडवी पट्टी सरकवली, दुमडलेल्या परत खाली सोडल्या. हा बाणा. पुढच्या खेपेला आधी राहिलेल्या पट्ट्या उचलल्या. एक वर, एक खाली. पुढच्या ओळीला उलटं. भिवंडीतलं साधं ग्रे कापड असंच विणतात, फक्त तिथं धोटा पळतो आणि इथं मामांची बोटं पळत होती. कुठंही झोल नाही, कुठंही धागा तुटलेला नाही. शेवटी त्यांनी कडेची पट्टी बोटानं ठोकून सारखी केली आणि सवयीनं विचारलं, "किती मीटर पायजे?"

जाळी वेगळ्या ताटलीत भाजायची आणि नंतर कस्टर्डवर ठेवायची असं ठरलं. इतक्यात गावातली लाइट गेली. वैशाखातल्या दुपारी लाइट जाणं ही बातमी नाही, पण घरचा ओव्हन दीड हजार वॉटच्या पुढचा आणि घरचा इन्व्हर्टर चार पंखे आणि एका ट्यूबचा धनी. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत घरचं तूप, साखर, मैदा आणि रवा घेऊन बायका बेकरीत जायच्या, बेकरीवाला पत्र्याच्या ट्रेमधून नानकटाया भाजून द्यायचा आणि डबे भरून घरी यायचे. आता ओव्हन घरोघरी आहे आणि लाइट नाही.

दादा म्हणाला, गाल्याला जनरेटर आहे. मग ओव्हन हमालांच्या ट्रॉलीवर चढला, दोन बाजूंनी दोघांनी धरला आणि खोक्यांच्या रांगांमधून केबिनकडे निघाला. फाटकावर वॉचमननं अडवलं. त्याचं बरोबर होतं. आत येणाऱ्या प्रत्येक नगाची नोंद लागते. त्यानं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : ओव्हन, नग एक. मग भाचीच्या हातातल्या कच्च्या टार्टकडे बोट दाखवून विचारलं, "ये क्या है?" बराच विचार झाला. शेवटी नोंद झाली : मिठाई, नग एक, कच्ची. आणि बजावलं, बाहेर नेताना गेटपास लागेल.

कस्टर्ड भरण्याआधी टार्टच्या तळाला वजन ठेवून तो तसाच कोरा भाजावा लागतो, नाहीतर मध्ये फुगतो. व्हिडिओत त्यासाठी चिनी मातीचे खास मणी होते. आईनं कागदावर जुना तांदूळ ओतला. "आनि मंग हा तांदूल टाकायचा?" असं तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं. तो भाजलेला तांदूळ पुढं थालीपिठाच्या भाजणीत गेला. चिनी मातीचे मणी भाजणीत जात नाहीत, ही त्यांची मर्यादा.

एकशे ऐंशी अंशांवर मैदा भाजायला लागला आणि पुठ्ठ्याच्या, प्लास्टिकच्या, चिकटपट्टीच्या वासात जन्म काढलेल्या त्या शेडीत तुपाचा वास पसरला. लोडिंग थांबलं. जौनपूरचा एक हमाल डोळे मिटून म्हणाला, "घर में शादी हो, ऐसा लग रहा है." कंटेनरचा ड्रायव्हर उतरून केबिनच्या काचेला नाक लावून उभा राहिला. त्या दिवशी मुंबईतल्या कुणाचं पार्सल उशिरा पोचलं असेल, तर त्यामागं हे कारण होतं.

फळांचा प्रश्न शेवटी. व्हिडिओत स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी आणि रास्पबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा बहर संपत आलेला, बाकीच्या दोन बेऱ्यांचा आमच्याशी परिचय नाही. मग जे होतं ते गोळा झालं. ताडगोळे दिसायला सुरेख, पण कापले की पाणी सोडतात आणि खालचा खुसखुशीतपणा बुडवतात. ते नुसते खाल्ले. करवंदं आणली, अर्धी पिकलेली, चीक ओठांना चिकटला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण टार्टवर मांडला की त्याचा रंग खाली पडलेल्या वस्तूसारखा दिसतो. जांभूळ अजून यायचं होतं. उरला आंबा. आमच्या गोदामामागं एक झाड आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'मागचा आंबा' म्हणत. २०१८मध्ये हापूसला मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरच्या जोडीला ठाणे जिल्हाही आला, तेव्हापासून दादानं त्या झाडाला बढती दिली. झाडाला ते कळवलेलं नाही. ते अजून रायवळच देतं, दोरे काढणारं आणि गोड. टार्टला मात्र बाजारातूनच हापूस आणला, पातळ फोडी केल्या आणि बाहेरून आत गोल गोल मांडत नेल्या. मध्ये काळी करवंदं, अर्ध्या भागावर मामांची जाळी, कडेला आईची मुरड आणि साट्याची पानं.

गेटपास मिळाला. रजिस्टरात 'कच्ची' खोडून 'पक्की' लिहिलं गेलं. नैवेद्य झाला. कापायला सुरी लावली तेव्हा साट्याच्या पानांचा चुरा उडाला आणि आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. दादानं दोन तुकडे खाल्ले आणि मैदा मीच चोळला होता हे प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. जॉबरमामांनी जाळीचा तुकडा खाल्ला नाही, कागदात बांधून नातवाला दाखवायला नेला. हमालांना आणि वॉचमनला पहिल्यांदा वाढलं, कारण नोंदवही त्यांच्याकडे होती. आईला विचारलं, कसा झालाय? म्हणाली, "चांगला हाय. आंबा तसाच दिला असता, तरी चांगलाच व्हता."

तिचं म्हणणं खरं आहे. पिकलेल्या हापूसला मैद्याची, कस्टर्डची आणि आमच्या कुणाची गरज नाही. पण नुसता आंबा एकट्यानं, कोपऱ्यात बसून, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खायचा असतो. टार्टसाठी घरातली, गाल्यातली आणि फाटकावरची माणसं एका परातीभोवती आली. ज्यांची बोटं वर्षानुवर्षं कुणी पाहिली नव्हती, त्यांच्या बोटांकडे त्या दिवशी सगळे टक लावून पाहत होते. सजावटीचा उपयोग असलाच तर एवढाच, आणि तो कमी नाही.

तेव्हा तुम्हीही कराच. मैदा पहाटे पाचला चोळून घ्या, सजावटीला साटा वापरा, मुरड घालायला घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला बसवा आणि कस्टर्ड भरल्यावर चार तासांत संपवा, नाहीतर तळ मऊ पडतो. आणि आंबे लागतात त्याच्या दुप्पट आणा. फोडी करणारा माणूस निम्मे खातो, हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं.